घरबसल्या गूढग्रंथ लिहा

हा अभ्यासक्रम नवशिक्यांसाठी आहे. पूर्वी कुठलाही साक्षात्कार झालेला असण्याची अट नाही. झालेला नसेल तर उत्तमच. ज्यांना झाला ते एक तर गप्प बसले, नाही तर अभंग लिहून मोकळे झाले, आणि अभंगाला मानधन नसतं. तुम्हाला लिहायचा आहे तो तीनशे पानांचा ग्रंथ. मुखपृष्ठावर जांभळा प्रकाश, त्यात पाठमोरा ध्यानस्थ माणूस. स्टेशनवरच्या स्टॉलवर स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शकं आणि लोणची-मुरंब्यांची पुस्तकं यांच्या मधल्या फटीत त्याची जागा ठरलेली आहे.

शिकवणाऱ्याची पात्रता विचाराल, तर मी या धंद्याचं गिऱ्हाईक आहे. सतराव्या वर्षापासून फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ, अप्पा बळवंत चौक आणि जागोजागची रद्दीची दुकानं यांत मी या विषयावर पैसे घातले आहेत. घरात दोन फळ्या भरल्या. घरचे मला अश्रद्ध म्हणतात, पण अश्रद्ध माणूस इतका खर्च करत नाही. दर वेळी पुस्तक घेताना मला मनापासून वाटायचं, की या खेपेला आत काहीतरी असणार. तुमचा खरा वाचक हाच. तो चाळिसाव्या पानावर वैतागतो, तीनशेव्या पानापर्यंत वाचतो आणि लेखकाचं पुढचं पुस्तक आलं का म्हणून दुकानात चौकशी करतो. भक्तांपेक्षा त्याला जपा.

पाठ पहिला : गुरू लांबचा असावा

आधी गुरू ठरवा, विषय मागाहून सुचतो. निकष एकच: तुमच्याखेरीज तो कुणाला भेटलेला नसावा. पत्ता असलेला, दुपारी जेवून झोपणारा, गुडघे दुखणारा गुरू कामाचा नाही. वाचक उठून त्याच्याकडे जातो आणि तुमच्या पुस्तकाची गरज संपते.

इथे कार्लोस कॅस्टानेडा यांचा कित्ता गिरवावा. लॉस एंजेलिसला विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकणाऱ्या या गृहस्थांनी १९६८ साली डॉन हुआन नावाच्या याकी जमातीतल्या मांत्रिकाची शिकवण पुस्तकात आणली. ती विद्यापीठाच्याच प्रकाशनाने छापली आणि १९७३ साली त्यांना डॉक्टरेटही मिळाली. डॉन हुआनला आणखी कुणी भेटल्याचं मात्र कधी सिद्ध झालं नाही. मग रिचर्ड डी मिल नावाच्या एका चिकट वाचकाने पुस्तकांतले दिवस आणि महिने एकापुढे एक मांडून पाहिले आणि १९७६ साली जाहीर केलं, की हिशेब जुळत नाही. तेव्हा बोध घ्या: तारखा देऊ नका. ‘त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता’ एवढं पुरतं.

जागेच्या बाबतीत हिमालयाला पर्याय नाही. सह्याद्रीत गुरू ठेवण्याचा मोह होईल, तो आवरा. सह्याद्रीत शनिवार-रविवार माणसं चढतात, आणि तुमच्या सिद्धपुरुषाच्या गुहेत त्यांना वेफर्सची रिकामी पाकिटं आणि ‘पिंट्या + सोनी’ सापडतं. तिबेट सगळ्यांत बरा. थिऑसॉफी या गूढपंथाच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी आपले महात्मे तिथेच ठेवले आणि त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू ठेवला. पत्रं टपालाने येत नसत. ती छतातून पडत, उशीखाली सापडत, कधी दुसऱ्याच माणसाच्या पत्राच्या समासात उमटत.

ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या बाबतीत मुंबईकरांनी थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. त्या आणि त्यांचे सहकारी कर्नल ऑल्कॉट १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईत उतरले, आधी गिरगावात राहिले, मग ब्रीच कँडीला. त्यांचं मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरात इथूनच सुरू झालं. १८८२च्या अखेरीस बिऱ्हाड मद्रासला अड्यारला गेलं. ऑल्कॉटने आठवणींत लिहून ठेवलंय, की ज्या गृहस्थांनी मुंबईत त्यांचं थाटात स्वागत केलं, त्यांनीच नंतर हातात बिल ठेवलं. घरभाडं, जेवणखाण, घराची डागडुजी, स्वागतसमारंभाच्या तीनशे खुर्च्यांचं भाडं, आणि ‘लवकर या’ म्हणून जी तार केली होती तिचाही खर्च. थिऑसॉफीचं जेवढं साहित्य मी वाचलं, त्यात हा प्रसंग मला सर्वांत विश्वसनीय वाटला.

पाठ दुसरा : तुमचं बालपण

गुरूपाठोपाठ लेखकाचं बालपण येतं. ते गरिबीत गेलं असेल तर चांगलं, मठात गेलं असेल तर फार चांगलं.

या पाठाला एकच पाठ्यपुस्तक आहे: लोबसांग राम्पा यांचं ‘द थर्ड आय’, लंडन, १९५६. मी ते एका रात्रीत वाचलं, सतराव्या वर्षी. ल्हासातल्या बड्या घराण्यात जन्मलेला मुलगा, ज्योतिषी सांगतात म्हणून सातव्या वर्षी मठात जातो. आठव्या वाढदिवसाला त्याच्या कपाळाला भोक पाडतात, त्यात औषधी मुळ्यांत मुरवलेली लाकडाची काडी बसवतात, आणि क्षणात मुलाला माणसांभोवतीची रंगीत वलयं दिसू लागतात. कोण खोटं बोलतंय, कोण आजारी आहे, सगळं रंगांवरून. पुढे भिक्खू अवाढव्य पतंगांना लटकून आकाशात जातात. यती भेटतो. पोटालाच्या पोटात, जमिनीखाली, तळं आहे.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं आत्याला सांगितलं. आत्या आमच्याकडेच असायची. शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि निवृत्तीनंतरही तिच्यापुढे काही सांगायचं म्हणजे तोंडी परीक्षाच. तिने शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं. मी काडीपाशी आल्यावर म्हणाली, “अरे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन?”

“आत्या, तिबेटात कुठलं इंजेक्शन!”

“मग पोरगं वाचलं कसं, ते लिहिलंय का? तेवढं वाचून दाखव मला.”

लिहिलेलं नव्हतं. मी पुष्कळ शोधलं. कपाळाच्या हाडाची जाडी, रक्त, ताप, जखम किती दिवसांत भरली, यातलं फारसं काही नाही आणि रंग मात्र पानोपान. तेव्हा मला आत्याचा राग आला होता. पुढे लक्षात आलं, की या शैलीचं मर्मच तिने दाखवून दिलं होतं. जिथे वाचकाला खात्री करून घेता येईल तिथे घाईने पुढे सरका, आणि जिथे येणार नाही तिथे पाय पसरून बसा.

स्वाध्याय : आपल्या बालपणातला एक साधा प्रसंग (गोवर, विहिरीत पडणे, मुंजीत रडणे) घेऊन तो दीक्षाविधी म्हणून पुन्हा लिहा. वैद्यकीय तपशील वगळा.

पाठ तिसरा : पोथी

प्रत्येक गूढग्रंथाच्या पोटात आणखी एक जुना ग्रंथ असतो. तो लेखकाने पाहिलेला असतो, वाचकाने कधीच नाही. तुमच्याही ग्रंथाला असा एक लागेल.

इथे आपला माणूस म्हणजे कीरो. फुटपाथवर हस्तरेषा आणि अंकशास्त्र या खात्यात गेली कित्येक दशकं याचं राज्य आहे. मूळचा आयर्लंडचा, जन्म १८६६, खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर. पुढे तो स्वतःला काउंट लुई हॅमन म्हणवू लागला. ग्रीक भाषेत हाताला जो शब्द आहे त्यावरून कीरो हे नाव घेतलं. लंडनमध्ये त्याने भल्याभल्यांचे हात पाहिले, मार्क ट्वेनचासुद्धा. १९३६ साली हॉलिवुडला वारला, आणि हेही योग्यच झालं.

कीरोची विद्या कुठली? तर आपल्याकडची. तरुणपणी तो अपोलो बंदरावर उतरला, तिथे त्याला एक चित्पावन ब्राह्मण गुरू भेटला आणि कोकणातल्या आपल्या गावी घेऊन गेला, अशी कथा त्याच्या नावावर सांगितली जाते. शिवाय हिंदुस्थानात ब्राह्मणांनी जिवापाड जपलेला हस्तरेषांचा एक अतिप्राचीन ग्रंथ आपल्या पाहण्यात आला, आणि तो माणसाच्या कातड्यावर लिहिलेला होता, असं कीरोने स्वतः लिहिलं आहे.

लंडनच्या वाचकाच्या अंगावर काटा आला असेल. मी हे वाचलं तेव्हा आमचं आजोळ आठवलं. रत्नागिरीकडचंच. त्या घरात कमरेचा चामड्याचा पट्टा आणि खिशातलं पाकीट काढून ठेवल्याशिवाय कुणाला देवघराच्या आत पाऊल टाकता येत नसे. आजीच्या सोवळ्याला मांजराची शेपूट लागली तरी ती पुन्हा आंघोळीला जायची. त्या प्रदेशातल्या, त्या जातीच्या माणसाने या परक्या पोराला विद्या दिली, आणि त्याच जातभाईंच्या ताब्यात माणसाच्या कातड्याची पोथी! तिला हात लावला की सोयर की सुतक, पाहुण्याला दाखवायची तर उजव्या हाताने की डाव्या, आणि मुळात हे कातडं कमावलं कुणी, हे प्रश्न कीरोला पडले नाहीत. लंडनला पडणारच नव्हते. कोकणातल्या कुठल्याही आजीला मात्र पहिला प्रश्न हाच पडला असता. त्यामुळे पोथी नेहमी परक्या देशातली घ्यावी. मराठीत लिहिणार असाल तर इजिप्तची, पेरूची किंवा अटलांटिसची. अटलांटिस सर्वांत सोयीचा, कारण तो बुडालेला आहे.

पाठ चौथा : विज्ञानाची फोडणी

फोडणी शेवटी आणि थोडी. जास्त झाली की जळते.

जुन्या लोकांना हे प्रमाण साधलं नाही. थिऑसॉफीच्याच अॅनी बेझंट आणि लेडबीटर यांनी १९०८ साली ‘ऑकल्ट केमिस्ट्री’ प्रसिद्ध केलं. ध्यानात बसून त्यांनी मूलद्रव्यांच्या आत डोकावून पाहिलं आणि आकडे दिले. हायड्रोजनच्या आत त्यांना मोजून अठरा मूळ कण दिसले. त्यांना नावही आपलंच दिलं, अणू. तीनच वर्षांत रदरफर्डने अणूला केंद्र असल्याचं दाखवलं, आणि हायड्रोजन हा सगळ्यांत साधा गडी निघाला: एक प्रोटॉन, त्याभोवती एक इलेक्ट्रॉन. चूक ज्ञानदृष्टीची नव्हती, आकड्याची होती. ‘असंख्य सूक्ष्म कण’ लिहिलं असतं तर आजही कुणी धक्का लावला नसता. मला मात्र या दोघांविषयी अजून थोडा आदर आहे. त्यांनी निदान चुकता येईल असं काहीतरी लिहिलं. पुढच्यांनी तेवढंही धाडस केलं नाही.

नव्या पद्धतीत आकडे नसतात, फक्त एक विशेषण असतं: क्वांटम. ते कुठेही बसतं.

स्वाध्याय : गाळलेल्या जागा भरा. मनुष्याचं मन हे ______ पातळीवर विश्वाशी जोडलेलं असतं. ______ विज्ञानाने आता हे मान्य केलं आहे, जे आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं. (तिन्ही गाळलेल्या जागांना एकच उत्तर चालेल. जागा दोनच दिसत असतील तर तुमचा तिसरा डोळा अजून उघडलेला नाही.)

२००६ सालच्या ‘द सिक्रेट’ने हे तंत्र पूर्णत्वाला नेलं. मागा, विश्वास ठेवा, घ्या, या तीन पायऱ्या. त्यात एक जागा अशी आहे, की माणूस अन्नाने जाड होत नाही, अन्नाने आपण जाड होतो या विचाराने होतो. मी एका दिवाळीत हा प्रयोग निष्ठेने केला. चकल्या, अनारसे आणि ओल्या नारळाच्या करंज्या पूर्ण निर्विचार अवस्थेत खाल्ल्या. भाऊबीजेनंतर वजनकाट्याने मात्र विचार केला, दोन किलोंचा.

पाठ पाचवा : गुपित न सांगणे

हा सगळ्यांत महत्त्वाचा पाठ, आणि इथे मला थोडं थांबावं लागणार आहे.

प्रस्तावनेत लिहायचं: ‘आजवर गुप्त राखलेलं ज्ञान प्रथमच उघड करत आहोत.’ मधल्या अडीचशे पानांत ते किती गुप्त होतं, कुणी राखलं, ते उघड करू पाहणाऱ्यांचं काय झालं, हे सांगायचं. शेवटच्या प्रकरणात दार येतं. वाचक श्वास रोखतो. मग लिहायचं: ‘यापुढील क्रिया अनधिकारी व्यक्तीच्या हाती पडू नये म्हणून येथे देता येत नाही. जिज्ञासूंनी योग्य गुरूकडून ती समजावून घ्यावी.’ आणि शेवटच्या पानावर आगामी प्रकाशन.

माझ्या दोन फळ्यांवर एकही पुस्तक असं नाही, की जे या दारातून आत गेलं. काही दारावरची नक्षी उत्तम रंगवतात. परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र, १९४६ सालचं, मराठीत ‘योगी कथामृत’, लिहिलंय इतकं प्रेमाने, की विश्वास नसतानाही मी ते तीनदा वाचलं. पण क्रियेपाशी आल्यावर तेही थांबतं आणि दीक्षा घ्यायला सांगतं. परंपरेच्या दृष्टीने त्यात वावगं काही नसेल. मग पुस्तक कशाला, असं दारात उभ्या असलेल्या माणसाला वाटतंच ना.

माझी तक्रार ही पुस्तकं खोटी आहेत अशी नाही. खोट्या कादंबऱ्या मी आनंदाने वाचतो. तक्रार अशी, की गूढ म्हणून उघडावं तर आत सरकारी परिपत्रक निघतं.

आत्या गेली ती जुलैतल्या एका पहाटे. मी पुण्याहून निघालो होतो. घाटात दरड आली, गाडी चार तास उभी, आणि मी पोचलो तेव्हा तिला न्यायची तयारी झालेली होती. त्यानंतरचे काही महिने मी ही पुस्तकं चेष्टेने वाचत नव्हतो. मला एकच गोष्ट हवी होती: मी वाटेत होतो हे तिला कळलं का. मरणोत्तर अवस्थेवरचा एक जाडजूड थिऑसॉफिकल ग्रंथ मी तेव्हा रात्र रात्र जागून वाचला. त्यात विश्वाचे सात लोक. प्रत्येक लोकाचे सात उपलोक. कोणत्या वासनेचा माणूस कुठल्या उपलोकात किती रेंगाळतो, तिथला रंग कोणता, तिथून वरच्या कचेरीत बदली कधी होते, सगळं व्यवस्थित मांडलेलं. एकोणपन्नास खाने होते, आणि एकाही खान्यात आत्या नव्हती. तिने हे वाचलं असतं तर लाल शाईने समासात लिहिलं असतं, ‘कशावरून?’

ज्या माणसाला खरंच काही हवं असतं तोच हे पुस्तक उचलतो, हे लिहिताना ध्यानात असू द्या. त्याला कोष्टक द्या. कोष्टक असलं की माणूस आपला प्रश्न त्याच्या आकाराचा करून घेतो. मीही दोन रात्री आत्याला तिसऱ्या उपलोकात बसवून पाहिलं होतं.

(लेखनकाळात काय वाचू नये : ‘दासबोधा’चा पाचवा दशक. करामती दाखवतात तेही गुरू म्हणवतात, पण सद्गुरू तो नव्हे, असं समर्थांनी तिथे चक्क लिहून ठेवलंय, आणि खोट्या गुरूंचे प्रकार एकामागून एक मोजलेत. गुरुदेव रा. द. रानडे यांचा महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढवादावरचा १९३३ सालचा इंग्रजी ग्रंथही टाळा. ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंत सगळे आहेत, पण त्यात तुम्हाला काय मिळेल याची जाहिरात नाही, आणि संतांची तळमळ, शंका, कोरडे दिवस यांनाच जागा फार. हे वाचून तुमच्याच्याने लिहवणार नाही.)

पाठ सहावा : परीक्षा

देऊ नका.

कुणी दिली, त्यांचं काय झालं ते पाहा. २००८ साली जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका, शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका, ओळखायचं एवढंच, की मूल यातलं कोणतं. ५१ जणांनी तयारी दाखवली, उत्तरं आली २७ जणांची, आणि बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्यावरही पोचली नाही. नाणं उडवलं असतं तरी बरं झालं असतं. ज्या २४ जणांनी उत्तरंच पाठवली नाहीत, त्यांनाच भविष्य खरं कळलं होतं असं माझं मत आहे.

पाठ सातवा : पकडले गेल्यास

घाबरू नका. हे प्रकरण नीट हाताळलं तर त्यातून आणखी एक पुस्तक निघतं.

पहिला प्रकार वाङ्मयचौर्याचा. ब्लाव्हाट्स्कीबाईंचे महात्मा कूट हूमी यांचं एक पत्र १८८१ साली एका पुस्तकात छापलं गेलं. हेन्री किडल या अमेरिकन गृहस्थांनी ते वाचलं, तर त्यात त्यांच्याच १८८० सालच्या भाषणातला मजकूर. त्यांनी १८८३ साली जाहीर विचारणा केली. महात्म्यांचं उत्तर आलं. आपण सलग अठ्ठेचाळीस तास घोड्यावर होतो, अर्धवट झोपेत मनातल्या मनात मजकूर सांगितला, तो उतरवून घेणारा शिष्य नवखा, त्याने मधली वाक्यं गाळली. अवतरणचिन्हांसकट. मराठीत मुद्रितशोधकावर ढकललेल्या चुका मी पुष्कळ पाहिल्या, पण घोड्यापर्यंत कुणी गेलेलं नाही.

(लंडनच्या एका संस्थेच्या १८८५ सालच्या चौकशी अहवालाने बाईंना सरळ लबाड ठरवलं. तो अहवालही पक्षपाती होता, अशी टीका त्याच संस्थेच्या नियतकालिकात १९८६ साली छापून आली. शंभर वर्षांनी का होईना, हेही सांगायला हवं.)

दुसरा प्रकार गंभीर, आणि इथे पुन्हा राम्पागुरुजी. प्रकाशकाने हस्तलिखित तिबेटच्या जाणकारांना दाखवलं होतं आणि त्यांनी ते बनावट म्हटलं होतं. प्रकाशकाने लेखकाला तिबेटी भाषेतलं एक वाक्य ऐकवलं, त्यांना ते कळेना. जपान्यांच्या छळामुळे आपण तिबेटी स्मृतीतून पुसून टाकली, असा खुलासा झाला. पुस्तक तरीही छापलं आणि धडाक्याने खपलं. शेवटी तिबेटच्या अभ्यासकांनी लिव्हरपूलचा एक खाजगी गुप्तहेर लावला. १९५८ साली निष्पन्न झालं, की ल्हासाचे लामा म्हणजे इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातले सिरिल हॉस्किन. वडील नळकाम करणारे. तिबेटला कधी गेलेले नाहीत. पासपोर्टच नव्हता.

इथे सामान्य माणूस खचला असता. हॉस्किन यांनी सांगितलं, की मी हॉस्किन होतो हे खरं आहे. पण एकदा बागेत घुबडाचा फोटो काढायला झाडावर चढलो, फांदी मोडली, डोक्यावर पडलो, आणि त्या अवस्थेत एक तिबेटी लामा माझ्याकडे आला. त्याचं शरीर झिजलं होतं, त्याला दुसरं हवं होतं. मी कंटाळलेलो होतो, म्हणून माझं देऊन टाकलं. ही हकीकत १९६० साली पुस्तकरूपाने आलीच. १९६४ साली आणखी एक पुस्तक आलं, ते त्यांच्या मांजरीने त्यांना मनोमन सांगितलेलं आत्मवृत्त होतं. गृहस्थ पुढे कॅनडात गेले आणि १९८१ साली कॅलगरीला वारले, शेवटपर्यंत लामा.

मला हे सगळं कळलं तेव्हा आत्या होती. मी जरा लाजतच तिला सांगितलं, की तो लामा नव्हता, प्लंबरचा मुलगा होता. मला वाटलं ती जिंकल्यासारखी हसेल. ती म्हणाली, “अरेरे. नळकाम शिकला असता तर!” मग थोड्या वेळाने, “पण मांजराचं पुस्तक मिळालं तर आण हो.”

ते मला अजून मिळालेलं नाही.

पदवीदान

इथवर आलात म्हणजे तुम्ही लिहायला पात्र झालात. प्रमाणपत्र मिळणार नाही; ते अनधिकारी व्यक्तीच्या हाती पडू नये असा नियम आहे.

एक गोष्ट सांगून सोडतो. अमेरिकेत तिबेटी बौद्ध धर्म शिकवणारे प्राध्यापक डोनाल्ड लोपेझ यांनी आपल्या विद्यार्थ्यांना ‘द थर्ड आय’ वाचायला दिलं, लेखक कोण ते न सांगता. विद्यार्थ्यांना ते आवडलं आणि खरं वाटलं. लेखकाची हकीकत कळल्यावर त्यांना पुस्तकात पहिल्यापासून खोट दिसू लागली. दोन्ही वेळा पुस्तक तेच होतं.

ते अजून छापलं जातं. मी ते दोनदा विकत घेतलंय. पहिली प्रत कुणीतरी वाचायला नेली आणि परत आणली नाही.